जाळं

चोपड्याच्या आमच्या कॉलेजात फुटबॉल म्हणजे
क्रिकेटवाल्यांनी पिच झाकल्यावर उरलेली जागा.
एक गोल सातपुड्याकडे तोंड करून,
दुसरा केळीच्या बागेला पाठ लावून.
जोरात मारलेला बॉल बागेत जाऊन पडायचा
आणि हेमराजअप्पा तो कुंपणावरून परत फेकताना
सोबत एक शिवीही फेकायचे,
क्वचित झाडावर पिकलेली दोन केळी.

मी राखीव गोलकीपर. बावीस नंबर.
कबड्डीच्या जुन्या बनियनवर आईने शिवलेला आकडा,
दोन्ही दोन वेगवेगळ्या कापडांचे.
पाणी माझ्याकडे, फक्कीची गोणी माझ्याकडे,
आणि जाळं.

जाळं कॉलेजचं नव्हतंच.
तापीवरच्या सुकलाल भोईचं, मासे धरायचं,
दिवाळीपर्यंत म्हणून मागून आणलेलं.
आमच्याकडे गोल झाला की
आधी वास यायचा, मग आरडाओरडा.

त्या वर्षी आम्ही हरायचं विसरलो.
पारोळ्याला तीन.
त्यातली शेवटची चार मिनिटं मी आत होतो,
बॉल माझ्याकडे फिरकला नाही.
शिरपूरला एक, तोही पोरं बूट सोडायच्या बेतात असताना.
शहाद्याला इतकी धूळ, की बॉल कुठे आहे
ते फक्त खुमसिंगला दिसत होतं.

खुमसिंग पावरा, वैजापूरकडच्या पाड्यावरचा,
दोन नंबर मोठ्या बुटात जिनिंगमधला कापूस कोंबून पळायचा.
हाफटाइमला बूट काढला की कापूस गुलाबी.
इरफान तडवी मधे उभा राहून सगळ्यांना शिव्या घालायचा
आणि एस्टीत सगळ्यांची तिकिटं तोच काढायचा.
बाविस्कर सर मुळात भूगोलाचे.
ऑफसाइड त्यांना ऑक्टोबरात कळला,
तोवर आम्ही सेमीफायनलला पोचलो होतो.

समोर भुसावळ.
रेल्वे कॉलनीतली पोरं, सगळ्यांचे मोजे एकसारखे.
ऐंशी मिनिटं शून्य-शून्य.
मग डावीकडून खुमसिंगचा फटका,
आणि बॉल थेट केळीत.

आमचे म्हणाले, जाळं फाडून गेला.
त्यांचे म्हणाले, खांबाबाहेरून गेला.
जाळ्याला दोन वितींचं भगदाड.
रेफ्री खाली बसला, त्यात हात घालून पाहिला,
मग गोलच्या मागे बसलेल्या मला विचारलं,
"हे सकाळी होतं का?"

सकाळी मी जाळं नुसतं बांधलं होतं.
पाहिलं नव्हतं.
आणि फटका बसला तेव्हा
मी बाटलीचं झाकण शोधत होतो.

"नव्हतं सर."

शिट्टी वाजली.
इरफानने मला उचललं, बनियन फाटली,
एक दोन गळून पडला.

धुळ्याची फायनल दोन-एक.
परतीच्या गाडीत कंडक्टरने घंटीच्या दोरीला हार बांधला.
प्राचार्यांनी स्टेजवरून
व्हॉलीबॉलच्या संघाचं मनापासून अभिनंदन केलं,
आणि आम्हीही वाजवल्या टाळ्या.
ढाल ऑफिसच्या कपाटात गेली,
ॲडमिशनच्या रजिस्टरांमागे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तेव्हा
जाळं सायकलला बांधून मी तापीवर गेलो.
सुकलालकाकांनी ते वाळूवर पसरलं,
हात फिरवत फिरवत त्या जागी आले,
तुटलेल्या दोऱ्यांची टोकं अंगठ्याने चाचपली,
एकेक, सावकाश.
ज्याने विणलं त्याला माहीत असणार.

"हाई कव्हय फाटनं?"

मी म्हणालो, काका, आम्ही जिंकलो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
मग पाण्याकडे.
"मंग चांगलंच शे," म्हणाले,
आणि सुईत दोरा भरायला घेतला.